न चाखलेलं वरण

मला स्वयंपाक येत नाही, असं मी अख्खी पहिली टर्म धरून चाललो. आणि त्या घरात मी एकदाही चूल पेटवली नव्हती.

गाढवपणा म्हणाल तर हाच. बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

दोन हजार सोळाचा सप्टेंबर. कॅनडातल्या हॅमिल्टनमधलं एक बेसमेंट. मी, पुण्याचे निखिल आणि सौरभ, आणि एका वर्षासाठी एक्स्चेंजवर आलेली त्रिनिदादची जॅनिस. किचन एकच. पहिल्या संध्याकाळी निखिल स्वयंपाकाच्या पाळ्या लावायला बसला. मला आडनाव विचारलं. मग गाव. मग म्हणाला, "गावात घर कुठल्या बाजूला?"

मी खुशीत सांगितलं, "ओढ्याच्या पलीकडे. एकदम हवेशीर!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सौरभ म्हणाला, "तू स्वयंपाकाचं राहू दे भावा. तुला नाही जमणार. तू भांडी बघ."

मला वाटलं, काय मनाची माणसं! हिवाळ्यात फावड्यानं बर्फ काढायचं कामही मी वर मागून घेतलं. उपकार फेडायला नकोत?

भांडी मी जीव लावून घासायचो. तरी सौरभ प्रत्येक ताट परत नळाखाली धरायचा. "साबण राहतो रे." मी साबण कमी करून पाहिला. मग कढत पाणी घेतलं. मग नवी घासणी आणली. तरी साबण राहायचाच. इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला आलेला माणूस मी. साबण का राहतो, याचा शास्त्रीय विचार करत बसायचो.

जॅनिसची भांडी वेगळी. ती मासे करायची, हे कारण उघड सांगितलेलं. ते तिला समजावायला मलाच पाठवलं होतं. घरमालक असल्यासारखा मी समजावून आलो.

जानेवारीत एका संध्याकाळी ती युनिव्हर्सिटीतून आली आणि बूट न काढताच टेबलाशी बसली. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर डबकं. तिच्या प्रोजेक्ट ग्रुपनं तिला सांगितलं होतं, रिपोर्ट आम्ही लिहितो, तू पोस्टर चिकटव. तुझं इंग्रजी जरा वेगळं पडतं. इंग्रजी तिच्या आईची भाषा. आणि त्यांच्यातल्या कुणी तिची एक ओळ वाचली नव्हती.

मी धीर द्यायला गेलो. म्हणालो, "असतं एकेकाचं. आता मलाच बघ. मला स्वयंपाक येत नाही."

"कोण म्हणालं?"

"निखिल, सौरभ."

"त्यांनी तुझ्या हातचं खाल्लं कधी?"

मी सिंककडे पाहिलं.

नळ. साबण. ओढ्याच्या पलीकडे.

गावात माझ्या आजीला ओंजळीत वरून पाणी ओतायचे. तसं कुणी केलं असतं तर मी लगेच ओळखलं असतं. इथं गरम-गार पाण्याचा चकचकीत नळ होता, म्हणून ओळखलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सोमवार आला. मी वरण लावलं, भात लावला. तिघांची पानं वाढली. जॅनिस कोपऱ्यात रिपोर्ट टाईप करत होती. पोस्टर तिनं त्यांना परत दिलं होतं. निखिल म्हणाला, भूक नाही. सौरभलाही नव्हती. थोड्या वेळानं पिझ्झावाला आला.

मी म्हणालो, "एक चमचा. चाखून सांगा, वाईट आहे."

सौरभनं पिझ्झाचा खोका उघडला. निखिल म्हणाला, "इश्यू करू नकोस यार. आमच्या घरी नाही चालत, त्याला आम्ही काय करणार? आणि भांडी तू छान घासतोस की."

छान घासतोस. मास्टर्सच्या आधी हे सर्टिफिकेट मिळालं.

मी सिंकमधली घासणी उचलली आणि निखिलच्या पिझ्झावर ठेवली. ओलीच. "आजपासून आपापलं ताट घासा. फावडं दारामागे आहे. आणि दर सोमवारी माझी पाळी. वरण तिघांचं होणार. खायचं नसेल तर का नाही, ते माझ्या तोंडावर सांगायचं. साबण नाही, भूक नाही, ते बंद."

"मग दुसरं घर बघ," निखिल म्हणाला.

"लीजवर माझंही नाव आहे. तू बघ."

दोघं खोलीत गेले. दार लावलं. वाढलेली पानं तशीच. ती मी उचलली नाहीत. भीती वाटली नाही, असं लिहायला आवडलं असतं, पण वाटलीच. तरी एक पक्कं झालं. आता पाळी सोडायची नाही. या घरात नाही, पुढच्या घरात नाही, नोकरीत नाही. आडनाव पूर्ण सांगायचं, ओढ्याची बाजू सांगायची, आणि पातेलं समोर ठेवायचं.

जॅनिसनं खुर्ची ओढली आणि सौरभचं पान पुढ्यात घेतलं. भारतातून गेलेल्या मजुरांमुळे त्रिनिदादमध्ये डाळभात घरोघरी; तिच्या आजीकडेही दर रविवारी व्हायचा, त्यामुळे तिला त्यातलं कळतं. तिनं मोठा घास घेतला. चावला. गिळला. पाणी प्याली.

"ओ गॉड, बॉय!" म्हणाली. "तुला खरंच येत नाही."