रुईत मोडलेला टोंगळा

आमचे उस्ताद उजव्या पायानं लंगडत आन त्यांची नक्कल करण्यात माझा हात धरणारा अमरावतीत कोणी नव्हता. आखाड्यात जोर-बैठका संपल्या का पोट्टे म्हणत, "हं, उस्ताद दाखव बे." मी पाय फरफटत, कण्हत फेरी मारायचो. उस्तादबी हसायचे. एवढंच म्हणायचे, "चुकते बेटा तुझी. हा पाय असा नाही चालत."

मले वाटे, म्हातारा जळून राहिला.

त्या साली सातासमुद्रापार कुठंतरी लढाई लागली होती आन आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, भरायले माणसं पुरेनात, म्हणून व्यापारी आखाड्यातले पैलवान बोलावत. लाकडी चौकटीले मोठा थैला उभा टांगायचा, आत उतरायचं, वरून रुई पडत राहायची आन आपण ती पायानं तुडवत तुडवत वर यायचं. उस्तादांनी मले बजावलं होतं, "तू नको जाऊ. पंधरा दिवसांनी अकोल्याच्या जत्रेत तुझी कुस्ती हाय."

माझी पहिली मोठी कुस्ती! जिंकायच्या आधीच मी गावभर जिंकून बसलो होतो. पण थैला भरत वर आलं का खाली सगळा बाजार दिसे. नकलाकाराले एवढे बघे फुकटात कुठं भेटतात? गेलो.

थैल्याच्या तोंडापाशी आलो होतो, मांडीपर्यंत रुईत रुतलेला. खालून व्यापाऱ्याचा दलाल आला, ढेरी पुढं, मान मागं. मीबी ढेरी काढली आन त्याच्यासारखाच गर्रकन वळलो. अंग वळलं, पाय जागीच राहिला. टोंगळ्यात, म्हणजे तुमच्या गुडघ्यात, काहीतरी कट्‌कन झालं.

"मेलो बे! खरंच मेलो!"

"वा!" खालून टाळ्या पडल्या. "आता दलाल मरून दाखवते!"

अख्ख्या वऱ्हाडात सगळ्यात मऊ जागी पाय मोडून घेणारा पैलवान मीच.

आठ दिवसांनी सूज उतरली. सरळ चालता येऊ लागलं. आखाड्यात जाऊन लंगोट कसला. उस्तादांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चालून दाखव."

चाललो. ऐटीत.

"आता वळ."

वळलो, आन टोंगळा आतल्या आत सरकला. मी मातीत. पोट्टे खो खो हसले, त्यांले वाटलं नवी नक्कल. उस्ताद हसले नाही. माझ्यापाशी बसले, टोंगळा वाकवला, नडगी हळूच पुढं ओढून पाहिली.

"काहून गेला होता रुईत?"

"चुकलं, उस्ताद. पण सरळ चालता येते ना! एक कुस्ती तर..."

"मीबी हेच म्हणलो होतो. तुझ्याच वयाचा होतो. सूज उतरली आन मैदानात गेलो. आतली दोरी अर्धी तुटली होती, ती पुरी गेली." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तवापासून तुझ्या नकलेची सोय झाली."

मी मातीतून उठलो आन लंगोटावरून धोतर नेसलं.

अकोल्याले गेलो, पण टोंगळ्याले फडकं बांधून, मैदानाच्या काठावर बसायले. माझ्या जोडीचा पैलवान समोर दंड थोपटून राहिला होता. मी उठायले गेलो. उस्तादांनी नुसता हात खांद्यावर ठेवला. तो हात हलकाच होता, तरी मी बसलो. माझ्या जागी आमचा दुसरा गडी उतरला आन जिंकलाबी. हरला असता तर मले जरा बरं वाटलं असतं, खोटं काहून बोलू?

परतताना गाडीकडं वळायचं होतं. वळणावर उस्तादांनी थांबून पाय उचलला, अलगद ठेवला, मग अंग फिरवलं. त्यांच्यामागं मीबी थांबलो, पाय उचलला, अलगद ठेवला.

गर्दीत हशा पिकला. "पाहा, पाहा! म्हाताऱ्याची नक्कल करून राहिला!"

मी लाजेनं मान खाली घातली. उस्तादांनी मागं वळून माझ्या पायाकडं पाहिलं.

"आज बरोबर जमली," ते म्हणाले, आन गाडीत चढायले मले हात दिला.