हात बसेपर्यंत

माझ्या मामांइतका सावकाश फोटो काढणारा माणूस तंजावूरात दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. पाटबंधारे खात्यात जन्मभर कालव्यांचं पाणी मोजून ते निवृत्त झाले आणि चौसष्टाव्या वर्षी त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला. घेतला म्हणजे हातात नव्हे. कॅमेऱ्याबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक आधी दोनदा वाचून झालं, तोवर कॅमेरा खोक्यातच होता. मग वही आली. आमच्याकडे घरात सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी मला येते ती मी पुण्याला शिकायला होते म्हणून. मामांना येत नाही. त्यामुळे त्या वहीत तमिळ अक्षरांत मराठी टिपणं असत. खिडकीतून कोणत्या वेळी किती उजेड येतो, शटर किती ठेवलं, चूक कोठें झाली. चुकीचा रकाना सर्वांत रुंद होता.

पहिले चार महिने त्यांनी फक्त न हलणाऱ्या वस्तूंचे फोटो काढले. खुर्ची, नारळ, मामींचा चष्मा. "हलणारं मग पाहूं," म्हणायचे. मोठ्या देवळाकडे मात्र फिरकले नाहीत. "ते हजार वर्षं कोठें गेलं नाही. आणखी थांबेल." सकाळी मामी कॉफीचा वाफाळता पेला आणायच्या, की मामा वाफेच्या फोटोसाठी ट्रायपॉड उभा करायला घ्यायचे. तो उभा राहीपर्यंत वाफ निघून जायची. मामी पुन्हा तापवून आणायच्या. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "काफी प्यायची असते हो, पाहायची नव्हे. पोदुम, पुरे आता!" मामांनी मुकाट्यानं पेला रिकामा केला आणि वहीत लिहिलं, 'वाफ. चूक माझी.'

आम्ही हसायचो खरे, पण हा खटाटोप कशासाठी चाललाय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक जया कॅनडाहून सहा वर्षांनी येणार होती. सहा वर्षं ती फोनच्या काचेतच दिसत होती, आणि तिथंही नेमकी हसायला लागली की चित्र अडकायचं. मामांना तिचा एक नीट फोटो हवा होता, भिंतीवर लावण्याजोगा. "ती येईतों हात बसायला पाहिजे," ते मला म्हणाले होते.

जया तीन आठवड्यांसाठी आली. पहिल्या दिवशी प्रवासानं तिचा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. मग ढग आले. मग ती चार दिवस पापनाशमला मावशीकडे गेली. "अप्पा, फोनवर काढा की! किती वेळ लागतो त्याला?" ती म्हणायची. "तू उगी बैस," मामा म्हणायचे, आणि ती बसली की हे लेन्सची काच पुसत राहायचे. शेवटी तीच उठून आत जायची.

निघायच्या सकाळी मात्र सगळं जुळून आलं. दारातल्या पायरीवर कोवळं ऊन तिरपं पडलं होतं. मामींनी जयाच्या केसांत फुलं माळली होती. मामांनी ट्रायपॉड नाही, वही नाही, गुडघ्यावर बसून भराभर तीसेक फोटो काढले. ती हसली, मामींच्या गळ्यात पडून रडली, त्रिचीच्या विमानतळाकडे निघालेल्या गाडीत बसली. त्या साऱ्याचे. मामांना इतक्या चपळाईनं हलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे येऊन बसलो. मामांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आतली खाच रिकामी होती. मेमरी कार्ड आदल्या दुपारपासून कॉम्प्युटरलाच लावलेलं राहिलं होतं. कार्ड नसलं तरी काही कॅमेऱ्यांचं शटर उडतं, फोटो मात्र साठत नाही, हे पुस्तकात दिलेलं होतं. मामांनी त्या ओळीखाली रेघसुद्धा मारली होती.

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनीच सुरुवात केली. "पहिला दारातला. कानामागचे केस पांढरे झालेत तिचे, आम्हांला बोलली नाही. दुसऱ्यात हसली. हसताना डावा डोळा बारीक होतो, तो माझ्या आईचा. तिसऱ्यात मान फिरवली, डोळे भरले होते म्हणून..." असे सगळेच्या सगळे फोटो त्यांनी मला क्रमानं सांगितले. मी हुंकार देत राहिले.

जया दर रविवारी फोनवर विचारते, "अप्पा, फोटो पाठवा ना." मामा म्हणतात, "निवडतोंय, कण्णा, निवडतोंय बाळा." खरं काय ते मामींनाही ठाऊक नाही.

परवा सकाळी गेले, तर त्यांनी मला पायरीवर उभं केलं. "तू जयाएवढीच उंच. जरा उभी राहा, पाहूं." मी उभी राहिले. कॅमेरा डोळ्याला लावून ते कितीतरी वेळ पाहत होते. बटण काही दाबेनात.

"उजेड कमी आहे का, मामा?"

"नाही. उजेड बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कॅमेरा खाली न घेता तसेच पाहत राहिले. मीही हलले नाही.