दोघी एकमेकींच्या आया

इमारतीत तिला सगळे 'कुणी सांगितलं' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक आहे, कारण हे नाव कुणी पाडलं याचाही माग तिने काढला होता आणि चौथ्या दारावर तो तिच्या स्वतःच्या सासूबाईंपाशीच जाऊन थांबला. लिफ्ट बंद ठेवणार अशी कुणकुण लागू द्या, बाई जिन्यातच अडवणार, "तुला कुणी सांगितलं? बरं, तिला कुणी?" शेवटचं माणूस गाठल्याशिवाय भाजीची पिशवी खाली ठेवणार नाही.

आणि गंमत म्हणजे पगारही तिला याचाच मिळतो! ती डीबगर लिहिते, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधल्या चुकांचा माग काढणारा प्रोग्राम. एखादा प्रोग्राम कोसळला, की तो नेमका कुठल्या फंक्शनमध्ये, म्हणजे कामाच्या कुठल्या तुकड्यात होता, त्याला कुणी बोलावलं, त्या बोलावणाऱ्याला कुणी, असं उलट पावली आरंभापर्यंत जायचं. ऑफिसात तिने हे सगळं नात्यात बसवलंय. बोलावलेली ती लेक, बोलावणारी ती आई. प्रत्येक लेकीच्या नोंदीत आईचा पत्ता असतो. तो वाचायचा, पुढच्या दारी जायचं. जिच्या नोंदीत पत्ताच नाही ती सगळ्यांची आजी. तिथे थांबायचं.

पण कोसळलेल्याच्या नोंदी धड असतीलच असं थोडंच आहे? आईच्या जागी लेकीचाच पत्ता उमटला, तर डीबगर तेच दार जन्मभर ठोठावत बसेल. म्हणून सात वर्षांपूर्वी तिने दोन ओळींचा पहारेकरी बसवला. ही स्वतःचीच आई नाही ना? असली तर थांब. त्या दोन ओळींचा काय तो तोरा! नवऱ्याला ऐकवून झालं, सासूबाईंना ऐकवून झालं.

"अगं, एवढं तर मलाही कळतं," सासूबाई म्हणाल्या. "याचे तुला पैसे देतात?"

तीन महिन्यांपूर्वी टेस्टरने तक्रार लिहिली, की डीबगर अडकतो, थांबतच नाही. या टेस्टरला ऑफिसात खुसपटराव म्हणतात. चहाच्या मशीनलाही त्याने चार दोष लिहून दिले होते. तिने उत्तर ठोकलं, "अशक्य. पहारा आहे," आणि तक्रार बंद केली. साहेबांनी अशा बंद तक्रारी मोजल्या, हा माणूस नुसती ओरड करतो असं ठरवलं आणि त्याला काढायचा कागद तयार केला. सही आज पाच वाजता.

आज दुपारीच एका ग्राहकाकडून फाइल आली. डीबगर लटकलाय म्हणे. तिने उघडली. पडद्यावर दोन फंक्शनांची नावं धावू लागली. पान वाचणारी, ओळ तोडणारी, पान वाचणारी, ओळ तोडणारी. असेल, दोघी एकमेकींना बोलावत असतील, त्यात काही गुन्हा नाही. फक्त दर वेळी नोंद नवी हवी, पत्ता नवा हवा. तिने पत्ते पाहिले.

पत्ते दोनच होते.

"अगं बाई गं!" ती एवढ्यांदा ओरडली, की शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने कानातले इअरफोन काढले.

"काय गं, घरी सगळं ठीक ना?"

"दोघी एकमेकींच्या आया आहेत!"

"कोण दोघी?"

"आणि माझा पहारेकरी दोघींना विचारतोय, तू स्वतःची आई का? नाही म्हणतात. खरंच सांगतायत गं मेल्या! सात वर्षं..."  

तिने ती जुनी तक्रार काढली. अकरा ओळी. त्यातल्या दोनच तिने तेव्हा वाचल्या होत्या. आठव्या ओळीत लिहिलं होतं, 'दोन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवतात.' आणि अकराव्या ओळीत, तिच्याच भाषेत, 'आई लेकीपेक्षा वयाने मोठी आहे का, एवढंच बघा. वय म्हणजे पत्त्याचा आकडा, तो दर पावलाला वाढलाच पाहिजे. नाही वाढला, तर थांबा.' त्याखाली तिचं ते 'अशक्य.' तिला ते कुणा परक्या, उर्मट बाईने लिहिल्यासारखं वाटलं. मग माग काढला. कुणी लिहिलं? मी. मला कुणी सांगितलं? कुणीच नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ती साहेबांच्या दारात.

"चूक त्यांची नाही, माझी आहे. त्यांनी उपायसुद्धा लिहिला होता. मी वाचलाच नाही."

"वाचला नाही म्हणजे? तक्रार बंद तुम्हीच केलीत ना?"

"दोन ओळी वाचून."

 "आणि उरलेल्या नऊ?"

"आत्ता वाचल्या."

 साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

खुसपटराव खण रिकामा करून पिशवी बांधत होता. ती म्हणाली, "ते सगळं परत खणात ठेवा. सही होत नाही. उद्यापासून माझा पहारेकरी वय विचारणार."

त्याने हातातला कप तसाच धरला. "सगळीकडे? काही प्रोग्राम मध्येच दुसऱ्या स्टॅकवर, म्हणजे नोंदींच्या दुसऱ्याच थप्पीवर उडी मारतात. तिथे खरी आईसुद्धा लेकीपेक्षा लहान निघेल."

"अश..." शब्द अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला, खुर्ची ओढली आणि बसली.

"सांगा. शेवटच्या ओळीपर्यंत सांगा."