कोयनेलची बाजू

चांगुणाला कोणी विचारलं की तू काय काम करतेस, तर ती सांगायची, "झाडांचा करते." एखादी बाई म्हाताऱ्या सासऱ्याचं करते म्हणते ना, तशी. बदलापूरला सोनिवलीच्या अंगाला नव्या उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत ती सात वर्षं हेच करत होती. बारवीकडच्या ठाकरांच्या वाडीवरून सकाळी टमटमने यायची, पदर खोचायची आणि चार इमारतींमधल्या बागेला हात घालायची. अंगाने काटकुळी, बोलायला कमी. पण अमुक झाड जगणार असं तिने एकदा सांगितलं, की त्यावर पैज लावणारा हमखास तोंडावर पडायचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या रविनाचा अनुभव तोच. ही मुलगी लग्न होऊन नुकती राहायला आली होती आणि घरी बसून बँकेचं काम करायची. तिने हौसेने पीस लिलीची कुंडी आणली. हिरवीगार रुंद पानं, पांढरी शुभ्र फुलं. आठच दिवसांत बघते तो सगळी पानं कुंडीच्या काठावरून लोळत पडलेली. तिने रडवेल्या आवाजात गेटवर फोन केला, की मावशींना वर पाठवा, माझं झाड गेलं. चांगुणा आली, मातीत बोट खुपसलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि चहा पीत बसली. चहा संपून गप्पा होईतो पानं उठायला लागली, जेवणवेळेपर्यंत तर झाड असं ताठ, जसं काही झालंच नव्हतं.

"नाटकी हाय ह्ये," चांगुणा म्हणाली. "रडक्या पोरासारखा. पण ताई, रडतंय तोवर भ्यायचा नाय. तहान लागली का सांगतंय तरी."

तिचं खरं काळीज होतं ते खाली, गेटपासून क्लबहाऊसपर्यंत गेलेल्या कोयनेलच्या कुंपणात. बारमाही हिरवं, कमरेइतकं उंच. कोयनेलला कोणी फुलासाठी लावत नाही आणि त्याचा फोटोही कोणी काढत नाही. ऊन असो, टँकर न आलेला आठवडा असो, पोरांचे चेंडू असोत, ते आपलं उभं. लिलीसारखं मान टाकणं त्याला ठाऊकच नाही, आणि तेच त्याच्या मुळावर आलं. दर महिन्याला छाटणीच्या ठेकेदाराचा माणूस मशीन घेऊन यायचा आणि ते वरून, बाजूंनी साबणाच्या वडीसारखं तासून जायचा. बाहेरून हिरवी भिंत. आत मात्र उजेडच जाईना. दोन वर्षांपूर्वी चांगुणाने पानं बाजूला सारून पाहिलं होतं, तर आत नुसत्या काटक्या. तेव्हा तिने ठेकेदाराला एकदा सांगितलं, तो हसला, आणि ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला नंतर फार लागलं.

यंदा संक्रांतीनंतर कुंपण बुडापासून पिवळं पडायला लागलं. सोसायटीचा नवा सेक्रेटरी राजेश, बी विंगमधला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळी दुनिया फोटोत चांगली दिसायला हवी होती. त्याने कमिटीत ठराव मांडला की हे मेलेलं जंगल उपटून टाकू, खाली टाइल्स बसवू आणि वर फुलांच्या कुंड्यांची रांग लावू. कुंड्या नर्सरीवाला महिन्याच्या महिन्याला बदलून देणार, म्हणजे माळीणही लागणार नाही. रविना कमिटीत होती. तिने मीटिंग संपताच खाली येऊन सगळं चांगुणाच्या कानावर घातलं. चांगुणाच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. घरात कमावणारी ती एकटी, आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरं काम कोण देतं?

पण घाबरून कोपऱ्यात बसणारी ती नव्हे. तशीच ओल्या पायांनी ऑफिसात गेली आणि राजेशला म्हणाली, की कुंपण मेलं नाही, मला पाडव्यापर्यंत मुदत द्या. मी ते गुडघ्याइतकं छाटते. नाही फुटलं तर मुळासकट माझ्या हाताने उपटून देते, आणि मला घालवायचीही गरज नाही, मीच जाते. राजेशला हा सौदा बरा वाटला. आयतं उपटून मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कोयता पाजळला. ठेकेदाराच्या माणसाने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. झाड मरायला टेकलेलं असताना हिरवं होतं तेही कोणी कापतं का, असं त्याचं म्हणणं. चांगुणाने लक्ष दिलं नाही. तिचा जन्म वाडीवर गेला होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, तिला राब म्हणतात. राबासाठी दरवर्षी ऐनाच्या झाडांच्या फांद्या उतरवायच्या, इतक्या की रानात नुसते खांब उभे. नवख्याला वाटावं, या लोकांनी रान मारलं. आणि उन्हाळा सरता सरता त्याच खांबांना बुडापासून शेंड्यापर्यंत पानं. आठव्या वर्षापासून ती ऐनावर चढत होती. कुठे तोडायचं आणि कुठे डोळा राखायचा, हे तिच्या हाताला डोक्याआधी कळायचं.

दोन दिवसांत कुंपणाचे खुंट झाले. लोकांनी नाकं मुरडली. एका आजोबांनी तर गेटवर स्मशानकळा आलीय असं बोलून दाखवलं. चांगुणाने खुंटांच्या बुडाशी आळी केली, शेणखत घातलं, वरवर फवारणारा पाइप बाजूला ठेवला आणि एकदिवसाआड बादलीने मुळाशी पाणी मुरवलं. पंधरा दिवस गेले, काही नाही. वीस गेले. रविना रोज गॅलरीतून वाकून बघायची आणि उसासे टाकायची. चांगुणाने तिला खाली बोलावलं, नखाने खुंटाची साल जरा खरवडली. आत ओली हिरवी रेघ. "बगा," एवढंच म्हणाली आणि पुढच्या खुंटाकडे गेली.

चोविसाव्या दिवशी पहिला कोंब आला, अगदी मातीलगत. मग रोखून धरलेले असावेत तसे सगळेच खुंट फुटले. पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या तेव्हा कुंपण बुडापासून भरलं होतं, जिथे गेली पाच वर्षं एक पान नव्हतं. टोमणे मारणारे आजोबा आता पाहुण्यांना मुद्दाम तिकडून फिरवून आणू लागले.

राजेशनेही मोकळेपणाने हार मानली. रविवारी सकाळी कमिटीपुढे त्याने चांगुणाला बोलावलं, शाल दिली, फोटो काढला. कुंड्यांचा बेत रद्द. मग मायेनेच म्हणाला, "मावशी, तुम्ही कमाल केलीत. आता याला काही लागणार नाही. तुम्ही आठवड्यातून एकदा आलात तरी चालेल. पगार त्या हिशेबाने करू."

नोकरी वाचवायला जे झाड जगवलं, तेच तिची नोकरी खाऊन बसलं होतं. रविनाने तोंड उघडलं, पण चांगुणाने तिला हाताने थांबवलं. शाल घडी करून टेबलावर ठेवली.

"साहेब, वरच्या ताईंची लिली एक दिवस पाणी चुकला तर मान टाकते. सगळी धावत येतात. ह्ये कोयनेल पाच वर्षं आतून वाळत होता, कोणी आला नाय. मागत नाय, म्हंजे त्याला काय लागत नाय, असा तुमाला वाटला. मना पण वाटला, म्हणून मी बी गप बसले. माजी चूक." ती तिथेच थांबली नाही. "सात वर्षं मी पण काय मागितला नाय. आज मागते. काम रोजचा पाहिजे, पगार हाय तो पुरा. आठवड्याला एक सुट्टी. आनि भाताच्या लावणीला आठ दिवस. माज्या सोताच्या खाचरात सात वर्षं माजा हात लागला नाय."

राजेशने काहीतरी पुटपुटत बघू, विचार करू असं सुरू केलं. एरवी हे ऐकून चांगुणा मान डोलावून बाहेर पडली असती.

ती हलली नाही. म्हणाली, "करा विचार. मी हाय हितं." आणि सात वर्षांत पहिल्यांदा, कोणी बस न म्हणता, कमिटीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.