एकेचाळीस अंगठे

शेठ नगरसेवक झाला त्यात माझा हात होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा राग फक्त त्याच्यावर आहे असं कुणाला वाटायला नको.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं त्याच्या गोदामाचं ऑफिस मी सतरा वर्षं सांभाळलं. राजस्थानातून आला तेव्हा तो दुसऱ्याच्या गोदामात पत्र्याच्या थप्पीला टेकून झोपायचा. मी नोकरीला लागले तोवर त्याचं स्वतःचं गोदाम झालं होतं, वजनकाटा होता, आणि मराठी मात्र मोडकीतोडकी. ती मी सुधारली. गावागावांतल्या लग्नांच्या हळदींची यादीही मीच ठेवायचे. मांडवात सगळी पंगत मटणावर असायची, हा भात-आमटी खायचा, पण पंगत उठेपर्यंत जागचा हलायचा नाही. लोकांना ते आवडायचं. निवडणुकीत समोरच्यांनी त्याला 'बाहेरचा' म्हटलं तेव्हा मी प्रचाराच्या गाडीतून खाली उतरून भांडले होते. ते भांडण आजही मला चुकीचं वाटत नाही.

आमच्या प्रभागाच्या टोकाला, पळस्प्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक आदिवासी वाडी आहे. एकेचाळीस घरं, नळ एकही नाही. बायका हंडे घेऊन हायवे ओलांडतात आणि समोरच्या ढाब्याच्या टाकीवरून पाणी आणतात. त्यातली एक आमच्या गोदामात भंगार निवडायला यायची. ट्रक कसे चुकवायचे ते ती हसत हसत सांगायची. मला हसू यायचं नाही.

प्रचारात शेठने वाडीला नळाचा शब्द दिला. निवडून आल्यावर भूमिपूजन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. त्याच दिवशी तो मला म्हणाला, "ताई, सगळ्या घरांच्या सह्या-अंगठे घेऊन ठेवा. अर्जाचा मजकूर वकील नीट लिहून देतील, नंतर वर टाकू."

मी घेतले. शाईचा पॅड, पट्टीने आखलेले रकाने: अनुक्रम, नाव, घरातली माणसं, अंगठा. मजकुरासाठी वर चार बोटं जागा सोडली. यात वावगं काही आहे असं मला वाटलंच नाही, कारण गोदामात आम्ही वर्षानुवर्षं तसंच करत आलो होतो. गाडी अडू नये म्हणून ट्रक ड्रायव्हरच्या सह्या कोऱ्या गेटपासवर आधीच घ्यायच्या आणि माल किती, कुठला, ते मागाहून भरायचं. ही पद्धत मीच बसवली होती. मला तिचा अभिमान होता.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, वाडीत खड्डासुद्धा पडला नाही. माझ्या कामाच्या यादीत 'वाडी – नळ' ही ओळ तशीच खाली सरकत राहिली. शेवटी मीच प्रभाग कार्यालयात गेले. कारकुनाने फाइल उघडली आणि म्हणाला, "मॅडम, हे काम तर पूर्ण झालंय. लाभार्थींचं समाधानपत्र जोडलेलं आहे की."

कागद माझा होता. रकाने माझे होते. वरच्या चार बोटांत टाइप केलं होतं की आम्हा सर्वांना नळजोडणी मिळाली असून आमची काहीही तक्रार नाही. पाइप टाकला गेला होता हे खरं. तो वाडीच्या अलीकडे वळून नव्या टॉवरच्या फाटकात शिरला होता.

मी तशीच गोदामात गेले. शेठ चहा पीत होता. तो लाजला नाही.

"ताई, टॉवरमध्ये चारशे फ्लॅट आहेत. वाडीत मतं किती? यादी तुम्हीच केलीत ना? पुढच्या टर्मला वाडीचं पक्कं करू."

"आणि अंगठे?"

"कोऱ्या कागदावर घ्यायचं तर तुम्हीच शिकवलंत."

मी ऑफिसच्या किल्ल्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि बाहेर पडले. सगळ्यात जास्त राग याचा की तो खोटं बोलत नव्हता. ही अक्कल त्याने गावाहून आणली नव्हती, ती त्याला माझ्या टेबलावर मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत जाऊन सगळं सांगितलं. भंगार निवडणारी ती बाई आधी जोरात हसली. "काय सांगतंस! आमाला नळ हाय? कंच्या बाजूला हाय, दाव की!" बाकीच्या बायकाही हसल्या. मग तिचं हसू गेलं. "बाय, शेठला आमी कुठं वळखतो? तुला वळखून अंगठं दिलं."

मी कागद घेऊन बसले. अंगठे कोऱ्या कागदावर मीच घेतले, मजकूर नंतर टाकला गेला, वाडीत एकही नळ नाही, असं स्वतःच्या सहीने लिहिलं आणि कार्यालयात देऊन पोच घेतली. शेठचे फोन आले. आधी "ताई, तुम्ही तर घरच्या", मग "तुम्हीपण अडकाल". अडकेन, म्हटलं.

तीन आठवड्यांनी इंजिनिअर पाहणीला आला. सगळ्या दारांवरून फिरला, घाम पुसत उभा राहिला. ती बाई म्हणाली, "सायेब, तान लागली असंल. आमच्या नळाचं पाणी प्या." तो ओशाळला. ढाब्यावरून आणलेल्या हंड्यातलं पाणी तिने त्याला दिलं.

त्याने तिथेच लिहिलं की एकाही घरात जोडणी आढळली नाही, समाधानपत्र ग्राह्य धरू नये. फाइल पुन्हा उघडली, एवढंच. पाणी अजून आलेलं नाही आणि बायका अजून हायवे ओलांडतात.

त्या पाहणीच्या दिवशी पंचनाम्यावर वाडीचे अंगठे हवे होते. मी पॅड उघडला, तेव्हा कुणीच हात पुढे केला नाही.

"आधी वाच," ती भंगारवाली म्हणाली.

मी सगळा कागद मोठ्याने वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"आता सायेबाला वाचू दे," ती म्हणाली. "तुझ्या तोंडचं नको."

मी कागद इंजिनिअरच्या हातात दिला.