दोन मिनिटं जास्त

कॉफी भाजून विकणाऱ्या त्या दुकानात सगळे त्याला नाकोबा म्हणत. नाक काही फार मोठं नव्हतं, पण त्याच्यावाचून तिथलं पान हलत नसे. पोतं आलं की नाकोबानं त्यातल्या मूठभर बिया भाजायच्या, दळायच्या, कपात उकळतं पाणी ओतायचं आणि चमच्यानं सुर्रकन ओढलेला घोट तोंडात घोळवायचा. पसंत पडला तर पोत्यावर खडूनं खूण. खूण नसलेलं पोतं भट्टीकडे फिरकतही नसे. थोरल्या मालकांनी घालून दिलेला हा नियम तेहतीस वर्षं चालला, आणि ते गेल्यावर धाकट्यानंही मोडला नव्हता.

चांगली कॉफी म्हणजे काय, हे नाकोबाला धड सांगता येत नसे. घोट गिळल्यावरही जिभेवर काहीतरी गोडसर रेंगाळतं, एवढंच तो म्हणे. सकाळी बिनदुधाचा, बिनसाखरेचा कप घेऊन तो खिडकीशी बसला की बायकोला वीस मिनिटं नवरा नसे. त्या कपाकडे बघता तसं माझ्याकडे कधी बघितलं नाहीत, हे ती इतक्यांदा म्हणाली होती की आता दोघांनाही ते ऐकू येत नसे.

मग बियांचे भाव चढायला लागले. कुठे पाऊस फार झाला म्हणे, कुठे झालाच नाही. दीड वर्षात भाव तिप्पट झाले. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग कमी झाली. एका दुपारी धाकट्या मालकानं स्वस्तातली पोती आणून टाकली. नाकोबानं घोट घेतला आणि लगेच थुंकला. ओल्या गोणपाटाची चव होती. त्यानं खडू खाली ठेवला.

मालकानं स्टूल ओढलं आणि हलक्या आवाजात सगळं मांडलं. निम्म्या या बिया, निम्म्या चांगल्या. दोन मिनिटं जास्त भाजायच्या, म्हणजे करपटपणात सगळं झाकलं जातं. भाव तोच राहील, दुकान चालेल, चार घरांच्या चुली पेटत्या राहतील. "काका, मला तरी हे कुठं आवडतंय?" तो म्हणाला. लबाड असता तर भांडता तरी आलं असतं. पण पोरगा लबाड नव्हता, रात्ररात्र झोपलेला नसावा असा दिसत होता.

नाकोबाचे गुडघे गेलेले, वय एकसष्ट. हे नाक घेऊन आता तो कोणाच्या दारात जाणार होता? त्यानं खूण केली. बिया तडतडल्या की त्या भट्टीतून काढायचा क्षण तो बरोबर पकडत असे. आता तो तडतड थांबल्यावरही हात बांधून उभा राहायला लागला, बिया काळ्या, तेलकट होईपर्यंत. संध्याकाळी घरी जाताना त्याला जिना चढवत नसे, आणि त्यात दोष फक्त गुडघ्यांचा नव्हता.

कोणीतरी पकडेल, याची तो वाट बघत होता. एक गिऱ्हाईक तर म्हणालं, आता कशी छान कडक लागते. नाकोबाची सगळी भिस्त टायपिस्टबाईंवर होती. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण दर शनिवारी शंभर ग्रॅमचं पाकीट न्यायला त्या चालत येत. एकदा भट्टी अर्धं मिनिट उशिरा उघडली होती, तर पाकीट परत आणून त्यांनी विचारलं होतं, लक्ष कुठं होतं म्हणून. त्या तक्रार करतील, मालकाला ऐकावं लागेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. विचार भित्रा होता आणि नाकोबाला ते कळत होतं.

दुसऱ्या शनिवारी त्या आल्या, पाकीट घेतलं. न राहवून त्यानं विचारलं, मागची कशी होती?

बाईंनी आवाज खाली आणला. "खरं सांगू भाऊ? मागल्या वर्षीच्या आजारपणानंतर माझी चव गेली ती गेलीच. गरम आहे एवढंच कळतं. पण तुम्ही भाजलीय म्हणजे चांगलीच असणार. असं मनात म्हटलं की चव आठवते. म्हणून पिते."

मालक दोन हातांच्या अंतरावर पाकिटं चिकटवत होता. नाकोबानं बाईंच्या हातातलं पाकीट काढून घेतलं.

"ही चांगली नाही," तो म्हणाला. "मागचीही नव्हती. खूण मीच केली होती."

मालकाचा हात थांबला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चांगल्या कॉफीचा आजचा भाव विचारला, नाकोबानं सांगितला, आणि त्यांनी सावकाश पर्स बंद केली.

"तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता मला ती चव आठवायची नाही."