चाळीस पायऱ्यांवरच्या वन्सं

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, अकरा भाषांत चाळीसपर्यंत आकडे येत होते. त्यातल्या एकाही भाषेत त्यांना पाणी मागता आलं नसतं.

तिकिटाच्या फाटकापासून डोंगराच्या पहिल्या वळणापर्यंत चाळीस पायऱ्या होत्या. वळणावर एक बाक आणि पाण्याचं पिंप. तिथं वन्संची नोकरी. वरचं जुनं कोरीवकाम बघायला जगभरातून माणसं यायची, आणि विमानातून उतरल्या उतरल्या शर्यत लागल्यासारखी चढायला लागायची. एका वर्षी दोघंजण अर्ध्या वाटेत कोसळले. त्यांना झोळीत घालून खाली आणावं लागलं. तेव्हा कचेरीनं वन्संना तिथं नेमलं. ज्याला झेपणार नाही त्याला बसवायचं, एवढंच काम. बरोबर दोन खोल्या राहायला मिळाल्या, आणि त्या दोन खोल्यांत आम्ही पाचजण राहत होतो. माझ्या नवऱ्याची नोकरी आज आहे तर उद्या नाही, त्यामुळे घर उभं होतं ते वन्संच्या पायांवर.

आता कुणाला झेपेल हे कसं ओळखायचं? भाषा तर कळत नाही. वन्संनी स्वतःच युक्ती काढली. पाहुण्याच्या शेजारून चढायचं आणि बोटं दाखवून "एक, दोन" म्हणायचं, की तो हसून आपल्या भाषेत पुढं म्हणायला लागायचा. चाळीसपर्यंत न अडखळता गेला तर "जा बाबा". मध्ये दम तुटला तर "बस रे राजा, डोंगर कुठं पळून जात नाही." हे सगळं मराठीत, आणि सगळ्यांना कळायचंही.

ऐकून ऐकून आकडे त्यांच्या तोंडी बसले. भाषांची नावं त्यांना माहीत नव्हती. टोपीवाल्यांची, नाकात बोलणाऱ्यांची, हळू हसणाऱ्यांची, अशी त्यांनीच ठेवलेली नावं. भाजी निवडताना त्या हळू हसणाऱ्यांचे आकडे पुटपुटायच्या. मी म्हणायची, "वन्सं, आता शेंगांनाही डोंगर चढवताय का?"

मग नवे साहेब आले. त्यांना सगळं झटपट हवं होतं. पायऱ्यांवर रांग तुंबते, पाहुणे वैतागतात, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या एक तारखेपासून तब्येतीचा छापील कागद सही करून घ्यायचा आणि बाकावरची जागा बंद. जागा बंद म्हणजे खोल्याही गेल्या. वन्सं आठवडाभर रोजच्यासारख्याच पायऱ्या चढत-उतरत राहिल्या. मी शेजारीपाजारी कुठं खोली मिळते का ते विचारून आले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी डबा घेऊन वळणावर बसले होते. खालून साहेब एका म्हाताऱ्या परदेशी पाहुण्याला घेऊन आले. कुणी मोठा माणूस असावा, साहेब सारखे पुढं वाकत होते. मागं दुभाषी मुलगी. वन्सं शेजारून चढू लागल्या, बोटं दाखवली. पाहुणा टोपीवाल्यांचा निघाला. खणखणीत आवाजात मोजत आला. दम नाही, घाम नाही. मला वाटलं, हा तर आपल्यालाच उचलून वर नेईल.

वळणावर वन्संनी त्याचा हात धरला. "बसा."

साहेब तडकले. "अहो बाई, धाप तरी लागलीय का त्यांना?"

"धाप नाही. तेविसानंतर ते पुन्हा सोळावर गेले. मग एकतीस दोनदा म्हणाले."

"तुम्हाला काय कळतंय त्यांच्या भाषेतलं?"

"बाकी काही नाही. एवढंच कळतं."

साहेबांनी दुभाषी मुलीकडं पाहिलं. ती चाचरत म्हणाली, "चुकले खरे. मला वाटलं, गंमत करतायत."

तेवढ्यात पाहुणा बाकावर बसला आणि बसल्या जागी कलंडला. वन्संनी त्याला खांद्याशी धरलं, मी पदरानं वारा घालत राहिले. फाटकावरचे डॉक्टर धावत आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, अंगातली साखर उतरली होती. डॉक्टर म्हणाले, अजून दोन वळणं वर गेला असता तर दरीच्या कडेला पडला असता.

शुद्धीवर आल्यावर तो लहान मुलासारखा रडला. त्याला वर जायचं होतं, वय झालं होतं, पुन्हा येणं कुठलं! वन्सं संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून होत्या. आमच्या डब्यातली अर्धी पोळी त्यानं खाल्ली. दोघं आपापल्या भाषेत काय काय बोलत होते, देव जाणे.

एक तारखेला छापील कागद आलाच. पण बाकही राहिला, वन्संही राहिल्या. साहेबांनी तोंडानं काही कबूल केलं नाही. फक्त पाहुणे घेऊन आले की स्वतःही मोठ्यानं मोजत चढायचे, आणि पस्तिसाला धापा टाकायचे. वन्सं त्यांनाही बसवायच्या.

पुढं नऊ वर्षं मी दुपारचा डबा नेला. वळण यायच्या आधीच वरून आकड्यांचा आवाज यायचा आणि मला कळायचं, आज टोपीवाले आलेत. आता तिथं तारेवरून वर जाणारा पाळणा झालाय. माणसं बसतात आणि वर जातात. गेल्या वर्षी नातसुनेनं मलाही नेलं. पाळण्यात आठ माणसं होती, कुठली कुठली. वर पोचेपर्यंत एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही, आणि ती कुठून आली होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.